आलेच आता घर

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे गृहस्थाच्या कसोटीचा काळ. यंदा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरविण्याचे काम आमच्या वाट्यास आले. तीत वडिलांच्या टपाल खात्यातील नोकरीचे कागद निघाले, आईच्या हातचा विणलेला रुमाल निघाला, आणि अगदी तळाशी आमची सहावीतील भूगोलाची वही निघाली. आतील नकाशे पाहून कोणाही शिक्षकास आमच्या भवितव्याविषयी काळजी वाटावी. परंतु वहीवर घातलेले वेष्टण मात्र अद्याप चकचकीत होते.

आमच्या वयाच्या वाचकांना त्या वेष्टणाचा उगम सांगावा लागणार नाही. ‘सोव्हिएत देश’ नावाचे एक नियतकालिक त्या काळी टपालाने घरोघर येत असे. वर्गणी अत्यल्प, कागद गुळगुळीत, आणि मुख्य म्हणजे ते मराठीत निघे. महाराष्ट्राबाहेर, आमच्या इंदुरात राहून मराठी अक्षर डोळ्यांखालून जावे एवढ्याच हेतूने वडील ते घेत. त्यातील राजकारण कोणी किती वाचले हे देव जाणे. पण जून महिना लागला की आमच्या गल्लीतील निम्म्या वह्या क्रेमलिनने, ट्रॅक्टरांनी आणि बॅले करणाऱ्या नर्तकींनी मढविल्या जात. आमच्या भूगोलाच्या वहीवर मात्र एक मुलगी होती. गळ्यात रुमाल बांधलेली, भोवती तिच्याच वयाची मुले, आणि तोंडभर हसू.

“ही कोण हो?” घरातून पृच्छा झाली.

“आमच्या वर्गातली,” आम्ही म्हणालो. उत्तर अगदीच खोटे नव्हते. ती मुलगी २९ जून १९७२ रोजी जन्मली. आमचा जन्म त्याच वर्षीचा, तिच्या आधी चार महिने. तिचे नाव समांथा स्मिथ. अमेरिकेतील मेन राज्यात, मँचेस्टर नावाच्या लहानशा गावी ती राहत असे. आज आम्ही पन्नाशी ओलांडून निवृत्तीचे हिशेब करीत आहोत, आणि ती अद्याप तेरा वर्षांचीच आहे. त्याचे कारण एक लहान विमान, एक पावसाळी रात्र आणि घर जवळ आल्यावर घडलेली एक चूक. त्या चुकीविषयी लिहावे असे ती वही हाती आल्यापासून मनात घोळत आहे. त्या चुकीशी आमचेही एक जुने देणे आहे. ते शेवटी सांगू.

प्रथम त्या मुलीची कथा. १९८२ च्या नोव्हेंबरात युरी आंद्रोपोव सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च पदी आले. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले आणि अमेरिकेतील घराघरांत अणुयुद्धाची चर्चा सुरू झाली. दहा वर्षांच्या समांथाने आईला विचारले की, या माणसाची सर्वांना इतकी धास्ती वाटते, तर त्यालाच पत्र लिहून ‘तुम्हांला युद्ध हवे आहे का’ असे कोणी विचारीत का नाही? आई म्हणाली, तूच का विचारीत नाहीस? मुलीने वहीचा कागद घेतला आणि लिहिले. नव्या पदाबद्दल अभिनंदन केले, युद्धाची भीती वाटते असे सांगितले, आणि युद्ध करणार की नाही, नसाल करणार तर ते टाळण्यासाठी काय करणार, असे सरळ विचारून टाकले. आपल्या देशावर तुम्हांला ताबा का मिळवायचा आहे, हेही विचारण्यास ती विसरली नाही.

आम्ही पत्रलेखन शिकविण्यात तीस वर्षे घालविली आहेत. मायना, मजकूर, समारोप, पाकिटावरील पत्ता यांस आम्ही गुण देतो. पत्रात एखादा खरा प्रश्न आहे की नाही, यास गुण देण्याची सोय आमच्या गुणतक्त्यात नाही. समांथाच्या पत्रास आमच्याकडे दहापैकी पाच मिळाले असते की नाही याची शंकाच आहे.

पत्र ‘प्रावदा’ या सोव्हिएत वृत्तपत्रात छापून आले. उत्तर मात्र येईना. तेव्हा तिने वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूतांना दुसरे पत्र लिहून विचारले की, आंद्रोपोव उत्तर देणार आहेत की नाहीत? १९८३ च्या एप्रिल महिन्यात उत्तर आले. आंद्रोपोवांनी तिच्या धीटपणाची तुलना मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’मधील बेकीशी केली होती, आमच्या लोकांना शांतता हवी आहे असे लिहिले होते, आणि आईवडिलांसह येऊन आमचा देश पाहून जा असे आमंत्रणही दिले होते.

जुलै १९८३ मध्ये स्मिथ कुटुंब दोन आठवडे सोव्हिएत संघात होते. मॉस्को, लेनिनग्राड आणि काळ्या समुद्राकाठचे आर्तेक हे बालशिबिर त्यांनी पाहिले. आर्तेकला समांथा पाहुण्यांच्या खोलीत न राहता मुलींच्या सामायिक निवासात राहिली. आंद्रोपोव आजारी असल्याने भेट झाली नाही. परत आल्यावर तिने सांगितले ते एवढेच की, ती मुले आपल्यासारखीच आहेत. अनेकांनी नाके मुरडली. मुलीचा प्रचारासाठी वापर झाला, तिला चांगले तेवढेच दाखविले, असे आक्षेप आले. ते निराधार होते असे आम्हांस म्हणवत नाही. राज्यकर्ते मुलांना जवळ घेतात ते छायाचित्रकार समोर असतानाच. तथापि काळ कसा होता हेही पाहावे. तिच्या भेटीस दोन महिनेही झाले नव्हते तोच, १ सप्टेंबर १९८३ रोजी, सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि २६९ माणसे मेली. दोन्हीकडची क्षेपणास्त्रे सज्ज होती. अशा काळात वहीच्या कागदावर लिहिलेला एक प्रश्न त्या भिंतीपलीकडे जाऊन उत्तर घेऊन आला, हे काही थोडे नव्हे.

पुढे ती जपानमध्ये कोबे येथील मुलांच्या परिषदेस गेली आणि दोन्ही महासत्तांच्या नेत्यांनी आपापल्या नाती दरवर्षी दोन आठवड्यांसाठी एकमेकांकडे पाठवाव्यात, अशी सूचना तिने मांडली. ज्या देशात आपली नात राहते आहे त्यावर कोण बॉम्ब टाकील, असा तिचा हिशेब. १९८४ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी दूरचित्रवाणीसाठी तिने उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. १९८५ मध्ये ‘लाइम स्ट्रीट’ या मालिकेत तिला भूमिका मिळाली. तिचे चित्रीकरण लंडनमध्ये आटोपून, वडील आर्थर स्मिथ यांच्यासह, ती ऑगस्टच्या अखेरीस घरी निघाली.

अटलांटिक महासागर ओलांडून बाप-लेक बॉस्टनला सुखरूप पोहोचले. मोठा प्रवास संपला होता. उरला होता तो मेन राज्यातील आपल्या मुलखात जाण्याचा लहानसा टप्पा. २५ ऑगस्ट १९८५ च्या रात्री साडेनवाच्या सुमारास ‘बार हार्बर एअरलाइन्स’चे १८०८ क्रमांकाचे विमान बॉस्टनहून उडाले. विमान ‘बीचक्राफ्ट ९९’ जातीचे, दोन इंजिनांचे, जेमतेम पंधरा प्रवाशांचे. त्या रात्री प्रवासी होते सहा आणि वैमानिक दोन. वाटेवरील थांबा होता ऑबर्न-लुइस्टन. ढग खाली आलेले, बारीक पाऊस, दृष्टी पोहोचत नव्हती. दहाच्या सुमारास विमान उतरू लागले आणि धावपट्टीपासून सुमारे ४,००० फूट अलीकडे झाडांवर आदळले. आठांपैकी एकही वाचला नाही.

आमच्याकडे ही बातमी हिंदी वृत्तपत्रात आतल्या पानावर आली. वडिलांनी ती वाचून दाखविली. ते टपाल खात्यातले असल्याने त्यांना त्या मुलीविषयी विशेष ममत्व होते. पत्ता नीट असला तर पत्र कोठेही पोहोचते, या त्यांच्या सिद्धान्ताचा ती जिताजागता पुरावा होती. वर्तमानपत्राची घडी करून ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, “समुद्र ओलांडून आली पोर, आणि उंबऱ्याशी ठेच लागली.”

पाडले असेल, घातपात असेल, अशा वावड्या लगेच उठल्या. दोन महासत्तांच्या मध्ये उभी असलेली मुलगी साध्या अपघाताने मरते यावर विश्वास ठेवणे लोकांना जड गेले. माणसाच्या मनाची ही एक खोडच आहे. मोठ्या दुःखाला तो मोठे कारण शोधतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. घातपाताचा मागमूस नव्हता. जे निघाले ते फार साधे होते, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे होते.

विमान उतरते कसे, हे थोडे सांगितले पाहिजे. ढगांतून धावपट्टी दिसत नाही तेव्हा जमिनीवरील यंत्रे रेडिओलहरींचे दोन अदृश्य मार्ग आखून देतात. एक मार्ग धावपट्टीच्या मध्यरेषेची सरळ दिशा दाखवितो. दुसरा किती उतारावरून खाली यावे ते सांगतो. हा उतार साधारण तीन अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट. वैमानिकासमोरच्या एका तबकडीत दोन काटे असतात, एक उभा व एक आडवा. दोन्ही मधोमध राहिले म्हणजे विमान योग्य वाटेवर आहे. लहान विमानही या वेळी मिनिटाला साडेतीन किलोमीटरांच्या आसपास अंतर कापीत असते. तेव्हा काटे मधोमध आणण्याचे काम दूर असतानाच उरकावे लागते. त्यासाठी नियंत्रक रडारवर पाहून विमानाला अशी दिशा देतो की, ते त्या सरळ रेषेला लांबून आणि लहान कोनात येऊन मिळावे. आपली बैलगाडी मुख्य रस्त्याला हळूहळू वळत मिळते तसेच ते आहे. काटकोनात वळण घेतले तर गाडी पलीकडच्या चरात जाते.

त्या रात्री नियंत्रकाने जी दिशा दिली ती नेहमीच्या पद्धतीची नव्हती. तिच्यामुळे विमान त्या रेषेला फार मोठ्या कोनात छेदणार होते. कॅप्टनने ती दिशा स्वीकारली. एवढ्या थोड्या अंतरात वळायचे, रेषेवर यायचे, उंची सोडायची आणि वेग आवरायचा, असे सर्व एकाच वेळी करण्याचा प्रसंग ओढवला. विमान स्थिर झालेच नाही. तरीही उतरणे चालू राहिले, आणि ते उताराच्या वाटेखाली गेले. मंडळाने आपल्या अहवालात अपघाताचे संभाव्य कारण म्हणून कॅप्टनने अस्थिर अवतरण तसेच चालू ठेवल्याचे नोंदविले. नियंत्रकाने दिलेली आणि कॅप्टनने मान्य केलेली ती अयोग्य दिशा हे त्याला हातभार लावणारे कारण ठरविले.

वाचकहो, या निष्कर्षात खलपुरुष कोणी नाही. एक माणूस बोलण्याच्या ओघात एक गैरसोयीची गोष्ट सुचवितो. दुसरा ‘ठीक आहे’ म्हणतो. कार्यालयात, लग्नघरात, शाळेच्या समितीत हे रोज घडते. त्या रात्री या संवादास उतारा होता, आणि तो प्रत्येक वैमानिकाला शिकविलेला असतो. इंजिनांना जोर द्यावा, पुन्हा वर चढावे, एक फेरी घ्यावी आणि नव्याने यावे. वैमानिकांच्या भाषेत यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्यात अपमान नाही, शिक्षा नाही. खर्च होतो तो थोड्या इंधनाचा आणि काही मिनिटांचा.

पण ती काही मिनिटेच माणसाला जड जातात. विमानांच्या जीवघेण्या अपघातांपैकी जवळजवळ निम्मे अपघात अखेरच्या अवतरणात आणि उतरताना होतात, आणि प्रवासाच्या एकूण वेळेत या टप्प्याचा वाटा मात्र शेकडा चार-पाचच असतो. उड्डाण सुरक्षेच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मोजली आहे. अवतरण अस्थिर झाले आहे हे कळूनही वैमानिक शंभरातून सुमारे तीन वेळाच परत वर जातात. उरलेल्या वेळी ते तसेच उतरतात. बहुतेक वेळा निभावून जाते. निभावून जाते म्हणूनच सवय लागते, आणि सवय लागली की तिचे नाव अनुभव असे पडते. आज विमान कंपन्यांचा दंडक असा आहे की, ढगांतून उतरताना जमिनीपासून १,००० फुटांवर असताना विमान योग्य वाटेवर, योग्य वेगात आणि उतरण्यास पूर्ण सज्ज नसेल, तर परत वर गेलेच पाहिजे. अनेक ठिकाणी सहवैमानिकाने ‘परत फिरा’ असे म्हटले की कॅप्टनने वाद न घालता फिरावे असाही नियम आहे. जमीन जवळ आली की ओरडून सावध करणारे यंत्र पूर्वी मोठ्या विमानांतच असे. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेने दहा वा अधिक आसनांच्या लहान टर्बाइन विमानांनाही ते सक्तीचे केले.

आपल्याकडेही १९ ऑक्टोबर १९८८ हा दिवस कोणी विसरले नसेल. त्या दिवशी सकाळी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान अहमदाबादेस उतरताना, अंधुक दृश्यतेत, धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळले. १३५ पैकी १३३ माणसे दगावली. त्याच दिवशी सिलचरहून गुवाहाटीस चाललेले ‘वायुदूत’चे लहान फोकर विमान, तेही खराब हवेत उतरण्याच्या बेतात असताना, कोसळले आणि त्यातील ३४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. बडोद्याच्या व अहमदाबादच्या आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी त्या दिवसाची आठवण अजून भिंतीवरील तसबिरीत असेल. दोन्ही विमानांतील माणसे आपापल्या मुक्कामाच्या दाराशी पोहोचली होती.

आता आमच्या देण्याविषयी.

काही वर्षांपूर्वी अहिल्यादेवींच्या पुण्यतिथीच्या सुमारास आम्ही शाळेतील ४२ मुलांना घेऊन महेश्वरला गेलो होतो. बस भाड्याची. किल्ला पाहिला, घाट पाहिला, माग पाहिले. मुलांनी नर्मदेत पाय बुडविले. परतताना पाऊस लागला. धामनोद सुटले आणि मानपूरचा घाट सुरू झाला तसे आम्ही सर्व शिक्षक सावरून बसलो. चालकास हळू चालविण्यास सांगितले, मुलांना खिडक्या लावावयास लावल्या, मनातल्या मनात रामरक्षा म्हटली. घाट चढून वर आलो, महू मागे पडले, राऊही मागे पडले, शहराचे दिवे दिसू लागले. सर्वांच्या जिवात जीव आला. कोणी डबे उघडले, कोणी अंताक्षरी सुरू केली.

पुढे पावसामुळे हमरस्त्यावर वाहनांची रांग लागलेली होती. चालक म्हणाला, आतल्या रस्त्याने काढू का, पंधरा मिनिटांत पोहोचवितो. आम्ही ‘काढा’ म्हणालो. आतला रस्ता एका नाल्यावरून जातो. माळव्यात ज्यास रपटा म्हणतात तसा तो कठडा नसलेला बुटका पूल. त्यावरून पाणी वाहत होते, फार नाही, घोट्याएवढे. चालक क्षणभर थांबला आणि आमच्याकडे वळून पाहू लागला. तेवढ्यात पुढच्या बाकावर बसलेली सातवीतील एक मुलगी म्हणाली, “सर, पानी उतरने तक रुक जाएँ क्या?”

आम्ही हसून म्हणालो, “बेटा, घर तो आ ही गया.”

मागचे चाक रपट्याच्या कडेवरून घसरले आणि बस नाल्याच्या बाजूस कलंडली. देवाची कृपा एवढीच की ती झाडाच्या बुंध्याला अडली. जवळच्या वस्तीतील माणसांनी दोर लावून एकेक मूल बाहेर काढले. एका मुलाचा हात मोडला, दोघींच्या कपाळाला टाके पडले. त्या मुलाचा हात पुढे बरा झाला. पण कोपरातून तो पूर्ण सरळ होत नाही.

वरिष्ठांकडे अहवाल द्यावयाचा होता, तो आम्ही दुसऱ्या दिवशी लिहिला. ‘अतिवृष्टीमुळे रपट्याची कड खचल्याने वाहन घसरले.’ वाक्य खोटे नव्हते. पाऊस होता, कडही खचली होती. चालकाने आमच्याकडे वळून पाहिल्याचे त्यात नव्हते. त्या मुलीने विचारल्याचे त्यात नव्हते. आम्ही हसल्याचे तर नव्हतेच. अहवाल मान्य झाला; प्रकरण मिटले. त्या वर्षात त्या मुलीने वर्गात पुन्हा एकही प्रश्न विचारल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. पाऊस आम्ही वरिष्ठांना दाखविला होता. पण तिला दाखविता येण्याजोगे आमच्यापाशी काहीच नव्हते, कारण ती तेथे होती.

समांथाच्या अपघाताचा वृत्तान्त आम्ही पुष्कळ पुढे, प्रौढपणी वाचला. तेव्हाही तो एका अमेरिकी मुलीचा वृत्तान्त म्हणून वाचला. यंदा ती वही हाती आली, तिचे ते हसू पाहिले, आणि नियंत्रक-कॅप्टन यांच्यातील ते एवढेसे देणेघेणे आठवले, तेव्हा लक्षात आले की हा प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. एकाने आडवाट सुचविली, दुसऱ्याने होकार दिला, आणि मुक्काम जवळ आला होता. फरक एकच होता. आमच्या बसमध्ये ‘थांबू या का’ असे विचारणारे कोणी तरी होते, आणि आम्ही तिला हसलो होतो.

ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. तिचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत आहे. त्याच्या कामासाठी ती गेल्या महिन्यात कार्यालयात आली, तेव्हा आम्ही तिला बसविले आणि तो विषय काढला. ती हसून म्हणाली, “सर, मला तर एवढंच आठवतं की त्या रात्री तुम्ही आम्हां सगळ्यांना घरोघर पोचवलं, आणि स्वतः सर्वांत शेवटी गेलात.” कोणा मुख्याध्यापकास असे ऐकणे आवडणार नाही? पण ते ऐकून घेऊन गप्प बसणे म्हणजे तोच अहवाल दुसऱ्यांदा लिहिणे झाले असते. आम्ही तिला सांगितले की, तू थांबावयास सांगितले होतेस. तुझे बरोबर होते. आम्ही ऐकले नाही, आणि पुढे ते लिहिलेही नाही. ती थोडा वेळ टेबलावरच्या कागदांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं, मी उगाच बोलले, म्हणूनच तसं झालं.”

इतकी वर्षे ते पोर हे मनात घेऊन वावरत होते! आम्ही अहवालातून एक वाक्य गाळले होते; ते तिच्या मनात जाऊन असे उलटे बसले होते. विमानाचे अपघात झाले की चौकशीसाठी इतका खर्च आणि खटाटोप कशासाठी, गेलेली माणसे का परत येतात, असे पुष्कळदा म्हटले जाते. त्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी मिळाले. जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवले नाही, तर दोष कोठे तरी जाऊन बसतोच. आणि बहुधा तो ज्याने सावध केले त्याच्याच डोक्यावर बसतो.

आमच्या शाळेत आता एक लहानसा नियम केला आहे. सहलीस निघण्यापूर्वी मुलांना सांगितले जाते की, भीती वाटल्यास कोणीही ‘थांबा’ म्हणावे. बस थांबेल. कारण नंतर विचारले जाईल, आणि कारण क्षुल्लक निघाले तरी कोणी हसणार नाही. गेल्या सहलीत एका चिमुरड्याने टोपी उडाली म्हणून बस थांबविली. दहा मिनिटे गेली. टोपी मिळाली नाही. चालक मनातून चिडला असावा. पण आम्हांस ती दहा मिनिटे फुकट गेली असे वाटले नाही.

समांथाच्या अंत्यविधीस सुमारे हजार माणसे जमली होती. सोव्हिएत दूतावासाच्या प्रतिनिधीने गोर्बाचेव यांचा संदेश वाचला; राष्ट्राध्यक्ष रेगन यांचाही शोकसंदेश आला. सोव्हिएत संघाने तिचे टपाल तिकीट काढले, एका लघुग्रहास तिचे नाव दिले गेले, आणि मेन राज्याच्या राजधानीत, ऑगस्टा येथे, तिचा पुतळा उभा आहे. हातून कबूतर उडते आहे आणि पायाशी अस्वलाचे पिल्लू आहे. तिच्या आईने तिच्या नावे संस्था काढून दोन्ही देशांतील मुलांच्या भेटी घडवून आणल्या. १९८७ च्या डिसेंबरात रेगन आणि गोर्बाचेव यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. तो त्या मुलीच्या पत्रामुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण विचारल्याने काही बिघडत नाही, हे तिने त्यांच्या आधी करून दाखविले होते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

वही आम्ही ट्रंकेत परत ठेवली नाही. शाळेत नेली आहे. पुढील आठवड्यात सातवीचा पत्रलेखनाचा पाठ आहे. यंदा मायन्याचे गुण थोडे कमी करून एक नवा रकाना घालण्याचा विचार आहे : पत्रात एक खरा प्रश्न असावा. पत्र कोणाला लिहावे ते मुलांनी ठरवावे. मुख्याध्यापकांना लिहिले तरी चालेल, उत्तर मिळेल.

हे लिहीत असता चिरंजीवांचा फोन आला. ते बडोद्याहून मोटारीने निघाले आहेत. पाऊस नाही, पण रात्र आहे. “बाबा, धार सोडलं. आलोच आता घरी,” म्हणाले. एरवी आम्ही ‘लवकर ये, जेवायला थांबलो आहोत’ म्हणालो असतो. आज म्हणालो, “सावकाश ये. झोप आली तर वाटेत थांब. आम्ही जेवून घेतो.” स्वयंपाकघरातून आश्चर्याने पाहण्यात आले. ताटे मात्र अजून वाढलेली नाहीत.